अमेरिकेत हायस्कूलच्या (अमेरिकन) फुटबॉलपटूने ‘कमिट’ केले, म्हणजे एखाद्या कॉलेजकडून खेळायला तोंडी होकार दिला, तर त्याचे कॉलेज पक्के झाले का?

नाही. तोंडी होकार कोणालाच बांधून ठेवत नाही. लेखी करारावर सही होईपर्यंत खेळाडू आपला शब्द फिरवू शकतो आणि कॉलेजही आपला प्रस्ताव मागे घेऊ शकते. जॉर्जियातील ट्रॅव्हिस हंटरचे उदाहरण पाहा. त्याने २०२० मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला होकार कळवला होता. मात्र १५ डिसेंबर २०२१ रोजी, सह्यांच्या पहिल्याच दिवशी, त्याने टेबलावर मांडलेल्या नामांकित विद्यापीठांच्या टोप्या (निवडलेल्या विद्यापीठाची टोपी घालून निर्णय जाहीर करण्याची तिथे पद्धत आहे) बाजूला फेकल्या आणि मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट हे खालच्या गटात खेळणारे, परंपरेने कृष्णवर्णीयांचे असलेले विद्यापीठ निवडले. तिथे एकेकाळचे नामवंत फुटबॉलपटू डिऑन सँडर्स प्रशिक्षक होते आणि माझ्या मते खरे कारण तेच असावे, कारण वर्षभराने सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठात गेले तेव्हा हंटरही त्यांच्यामागोमाग गेला व कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी २०२४ मध्ये त्याने तिथेच जिंकली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर अशा वेळी केवढे दडपण असते हे लक्षात घेता, शब्द फिरवला म्हणून त्याला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते. प्रशिक्षक तर करार अर्धवट टाकून सर्रास दुसरीकडे जातात.