लातूरमध्ये कारवानी जातीच्या कुत्र्याच्या चार महिन्यांच्या पिल्लासाठी ट्रेनिंग क्लास कसा निवडावा? ट्रेनर चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) आणायला सांगतोय.

चेन मागणारा क्लास सोडून द्या. कारवानीची मान लांब आणि बारीक असते. शिवाय पळतं काही दिसलं की ते जिवाच्या आकांतानं झेपावतं. त्या झटक्यात चेनचा सगळा ताण श्वासनलिकेवर येतो. छातीपट्टा आणि दोन मीटरचा साधा दोर पुरतो.

आधी पिल्लू घरी ठेवून एक तास नुसता बघून या. ट्रेनरपेक्षा कुत्र्यांकडे बघा. शेपूट पायात, कान मागे, सारखं ओठ चाटणं, हे सगळं भीतीचं लक्षण आहे. मारून बसवलेलं कुत्रं ट्रेनरसमोरच बसतं, तुमच्या अंगणात नाही. म्हणूनच ‘दोन महिने आमच्याकडे सोडा’ हेही नको. दोर तुमच्या हातात देऊन तुम्हाला शिकवणारा माणूस शोधा. एका ट्रेनरमागे सहा-सात कुत्री, त्याहून जास्त नकोत. खाऊ हरभऱ्याएवढा, उकडलेल्या चिकनचा. कृती केल्याबरोबर, एक-दोन सेकंदांत तोंडात गेला पाहिजे. उशीर झाला तर बक्षीस कशाचं, हेच त्याला कळत नाही.

लसीकरणाचं कार्ड न मागणाऱ्या क्लासात पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराचा धोका असतो. चार महिन्यांपर्यंत पार्व्हो आणि डिस्टेंपर (असाच दुसरा साथीचा आजार) यांच्या लसीचे डोस आणि रेबीजची लस झालेली हवी.

आपल्याकडं मार्च ते जून सकाळी आठच्या आत संपणारी बॅचच घ्या. तळहाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवता येत नसेल, तर पिल्लाचे पाय भाजतात.