जुन्या सिटकॉम (विनोदी मालिका) बघायला सुरुवात कुठून करावी

पहिल्या भागापासून क्रमानेच बघायचं, हा हट्ट सोडा. बऱ्याच जुन्या मालिका पहिल्या सीझनमध्ये चाचपडत असतात. ‘साइनफेल्ड’ थेट चौथ्या सीझनपासून धरा, आवडली की मागे जा. ‘फॉल्टी टॉवर्स’ मात्र सुरुवातीपासूनच बघा. १९७५ आणि १९७९ मिळून जेमतेम १२ भाग, त्यातला एकही वाया गेलेला नाही.

‘आय लव्ह लूसी’ (१९५१) कृष्णधवल आहे म्हणून टाळू नका. चॉकलेटच्या कारखान्यातला प्रसंग बघा. पट्टा भराभर सरकतोय आणि लूसी आणि तिची मैत्रीण एथेल गुंडाळायची राहिलेली चॉकलेटं तोंडात, टोपीत, जागा मिळेल तिथे कोंबतायत. सगळी करामत चेहऱ्याची आणि हातांची! समोर प्रेक्षक बसवून तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रीकरण व्हायचं, त्यामुळे ते हसू जिवंत वाटतं.

‘मॅश’ ही युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची मालिका. तिच्यातलं वरून पेरलेलं, म्हणजे नंतर जोडलेलं, हसू मला आजही खटकतं. शस्त्रक्रियेच्या दृश्यांत ते वापरलेलं नाही, आणि नेमकी तीच दृश्यं अंगावर येतात. डीव्हीडीवर ते हसू बंद करायची सोय आहे, ती जरूर वापरा.

‘फ्रेंड्स’ माझी फार लाडकी, पण मोनिकाच्या पूर्वीच्या जाडेपणावरचे विनोद आता बघवत नाहीत. तुम्हालाही ते खुपले तर खुशाल ते प्रसंग पुढे सरकवा, पण तेवढ्यासाठी मालिका सोडू नका. चँडलर आणि जोईची जोडी हुकवण्यासारखी नाही.

‘चिअर्स’ निवांत वेळ असेल तेव्हा घ्या. बारमध्ये घडणाऱ्या या मालिकेतली सॅम-डायॅन या जोडीची पहिली पाच वर्षं आधी बघा.