आतडं जोडलंय ना, मग पोटावर पिशवी कशाला?

प्रश्न: वडील ६२ वर्षांचे, गुदाशयाचा कॅन्सर, आधी रेडिएशन मग ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात स्टेपलरने आतडं जोडलंय, तरी पोटावर लहान आतड्याची पिशवी ठेवलीये. शेजारचे काका म्हणतात हाताने टाके घातले असते तर पिशवी लागली नसती. खरंय का? त्या पिना आतच राहणार का? आणि जोड सुटला तर आम्हाला कसं कळणार?

उत्तर: काकांचं मनावर घेऊ नका. पिशवी टाके की स्टेपलर यावर ठरत नाही, जोड किती खाली आहे यावर ठरते. गुदाशयात जितकं खाली जोडावं तितकी लीकची, म्हणजे जोडातून मळ गळण्याची, भीती जास्त, त्यात रेडिएशन झालेलं. पिशवीमुळे लीक होतच नाही असं नाही, पण मळ वरच्यावर बाहेर जातो म्हणून झालंच तर पोटात घाण पसरून जिवावर बेतायची शक्यता बरीच कमी होते.

पिना टायटॅनियमच्या असतात, गंजत नाहीत, आतच राहतात. एमआरआयला सहसा अडचण येत नाही, फक्त आधी सांगा.

स्टेपलर गुदद्वारातून आत घालतात, दाबला की पिनांचं गोल कडं बसतं आणि आतला जादा भाग कापला जातो. स्टेपलर बाहेर काढल्यावर सर्जन आधी त्यात आलेल्या आतड्याच्या कापलेल्या दोन कड्या बघतो, एखादी तुटकी निघाली तर जोडात फट असू शकते. मग ओटीपोटात सलाईन भरून खालून हवा सोडतात, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसंच, बुडबुडे आले की तिथल्या तिथे दुरुस्ती. एवढं करूनही लीक होतं, कारण टोकांना रक्त नीट पोचत नसेल किंवा आतडं ताणून जोडलं असेल तर मशीन कितीही भारी असो काय उपयोग? म्हणून तर पोटात डावीकडे वर प्लीहेजवळ असलेलं आतडं सोडवून खाली आणतात, ताण येऊ नये म्हणून. विडी-सिगारेट, स्टेरॉइड, खंगलेलं शरीर यानेही जोड भरायला त्रास होतो.

लीक बहुतेकदा पहिल्या दहा दिवसांत कळतं, कधी घरी गेल्यावरही. नेहमी जोरात दुखतंच असं नाही हं. कधी नुसती नाडी वाढते, पोट फुगतं, उलट्या होतात, ताप येतो, किंवा काल बरा असलेला माणूस आज मलूल पडतो, असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी वाढलेली दिसत नाही, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

सध्या खरी काळजी पाण्याची. पिशवीत दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर यायला लागलं तर नुसतं पाणी ढोसू नका, त्याने उलट जास्त वाहतं, ओआरएस द्या आणि डॉक्टरांना फोन करा. जोड भरल्याची तपासणी करून साधारण दोन-तीन महिन्यांनी पिशवी बंद करतात, केमो असेल तर लांबतं. बंद केल्यावर सुरुवातीला दिवसातून बरेचदा संडासला लागेल, कधी धरवणार पण नाही, त्यासाठी गोळ्या आणि व्यायाम आहेत, वडिलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत.