कवडशातला त्रसरेणू

विज्ञान प्रदर्शनाच्या फलकांचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाला तीन शब्द अडले आहेत. 'पार्टिकल'ला परमाणू म्हणावं का? 'विंड टनेल'ला काय म्हणावं? आणि 'पोश्चर'ला 'मुद्रा' चालेल का?

परमाणू? मराठीत? हा शब्द हल्ली इतक्यांदा कानावर पडतो की कान किटले. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदी मजकूर उचलायचा, शेवटचा उकार दीर्घ करायचा आणि झालं मराठी, असा ज्यांचा समज आहे त्यांच्यामुळे 'पाण्याचा अणू' छापून येतो. पाण्याला अणू नसतो हो! हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असे तीन अणू मिळून पाण्याचा रेणू होतो.

बरं, कणभौतिकीत तर परमाणूचं कामच नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेच्या 27 किलोमीटर घेराच्या त्वरकात, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, बहुतेक वेळा प्रोटॉन एकमेकांवर आदळवतात, म्हणजे हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन काढून टाकल्यावर उरतो तो गाभा. 4 जुलै 2012 रोजी ज्याचा शोध जाहीर झाला तो हिग्ज बोसॉन नावाचा कणही अणू नव्हे. तिथे 'कण' किंवा 'मूलकण' म्हणा आणि पुढे चला.

खरी गंमत वातबोगद्यात, म्हणजे वस्तूंवर वारा सोडून तपासणी करतात त्या विंड टनेलमध्ये आहे. प्रश्नासोबत फलकाचा जो नमुना आला त्यात 'हवेत परमाणू सोडून वेग मोजतात' असं वाक्य आहे. वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो. हवा दिसत नाही, म्हणून तिच्यात तेलाचे बारीक थेंब सोडतात. एकेक थेंब साधारण एक मायक्रोमीटरचा. केसाच्या जाडीत असे पन्नास-साठ शेजारी शेजारी सहज बसतील. प्रवाहात लेझरचा पातळ पडदा धरतात, तो दोनदा लखकन उजळतो आणि प्रत्येक उजेडाला एकेक छायाचित्र निघतं. समजा दोन उजेडांत 20 मायक्रोसेकंदांचं अंतर आहे आणि तेवढ्यात थेंब एक मिलिमीटर सरकला, तर हवेचा वेग निघाला सेकंदाला 50 मीटर. आता या एका थेंबात काही हजार कोटी अणू असतात. त्याला परमाणू म्हणणं म्हणजे डोंगराला खडा म्हणणं.

मग काय म्हणायचं? 'कण' म्हटलं तर कोणी अडवणार नाही. पण नेमका याच दृश्यासाठी घडलेला शब्द आपल्याकडे पडून आहे: त्रसरेणू. अंधाऱ्या खोलीत फटीतून कवडसा येतो आणि त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात, त्यातला एक कण म्हणजे त्रसरेणू. जुन्या संस्कृत मापांत डोळ्यांना दिसणारं सगळ्यांत लहान माप हेच. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा. लिक्षा म्हणजे काय? आपली लीख! केसांतली! आणि तीन लिखांची एक मोहरी. मापाची पायरी म्हणून लीख निवडणारा माणूस कोण असेल, या विचाराने मी अजून हसतो.

आणि बघा, कवडसा म्हणजे उजेडाचा पट्टा, लेझरचा पडदा म्हणजेही उजेडाचा पट्टा. दोन्हीकडे हवा दिसतच नाही, दिसतो तो तिच्याबरोबर वाहणारा कण. शब्द करणाऱ्याने वातबोगदा पाहिला नव्हता इतकंच.

आता 'त्रस'कडे. काही विद्वान ठासून सांगतात की हा 'त्रि'चा अपभ्रंश, कारण वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनाच्या हिशेबात दोन परमाणूंचं द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू. हिशेब बरोबर, व्युत्पत्ती चूक. या मंडळींनी आकडा पाहिला आणि धातू पाहायचं विसरले. 'त्रस्' म्हणजे थरथरणं, हलणं. जैन परंपरेत जीवांचे त्रस आणि स्थावर असे दोन भेद आहेत, त्रस म्हणजे हालचाल करणारे. तिथे कोणता तीनचा पाढा लावणार? त्रसरेणू म्हणजे हलती धूळ. भीतीने थरथरणं तो संस्कृतातला 'त्रास', आणि तोच मराठीत येऊन डोकेदुखी झाला. त्रास आणि त्रसरेणू सख्खे भाऊ आहेत, हे कळल्यापासून मला त्रासाबद्दल थोडी आपुलकी वाटू लागली आहे.

माझा आणखी एक लाडका तर्क आहे, पटला तर घ्या. रेणू म्हणजे मुळात नुसती धूळ. हिंदीने परमाणु-अणु घेतले आणि मराठीने अणू-रेणू, असं का? माझ्या मते 'अणुरेणू' ही जोडी आपल्या जिभेवर आधीच होती. 'अणुरेणियां थोकडा' म्हणणाऱ्या तुकोबांनी ती घरोघर पोचवली होती. परिभाषा करणाऱ्यांना जोडी तयार मिळाली, त्यांनी लहान तो अणू आणि मोठा तो रेणू अशी वाटणी केली. इतकी सोपी वाटणी सोडून परमाणूच्या मागे का धावायचं?

पोश्चर राहिलंच. 'मुद्रा' अजिबात नको. ती चेहऱ्याची किंवा बोटांची. 'आसन' माणूस ठरवून घालतो, आणि पोश्चर तर नकळत होतं. अभ्यासाच्या लेखात 'अंगस्थिती' लिहा, फलकावर 'उभं राहण्याची ढब' किंवा 'बसण्याची ढब' लिहा. वाकून बसण्याला तर 'पोक काढणं' हा फर्मास शब्द आहे, तो 'अयोग्य शरीरमुद्रा' लिहून मारू नका. आणि गंमत ऐका: माणसाला बलमापक पाटावर, म्हणजे पायांचा जोर मोजणाऱ्या फळीवर, 'हलू नका' म्हणून उभं केलं तरी पायांखालच्या दाबाचा मध्य सारखा इकडेतिकडे सरकत राहतो. स्तब्ध उभा माणूसही त्रसच, स्थावर नव्हे. म्हणून फलकावर 'स्थिर शरीर' लिहिलं असेल तर ते आधी खोडा.

विंड टनेलला छापील मराठीत 'वातविवर' आढळतं. मला ते पटत नाही. कृष्णविवर वाचलेल्या माणसाला वाटेल की वारा आत पडून नाहीसा होतो. बोगद्याला दोन तोंडं असतात, म्हणून वातबोगदा. 'हवाई बोगदा' लिहाल तर लोक तिथे विमानतळ शोधतील.