मे महिन्याचा वर्ग की जूनचा? एका संगीत शिक्षिकेच्या पत्राला उत्तर

अमळनेरहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, पुण्यातील ज्या संस्थेत त्या दीड वर्ष ऑनलाइन गायन शिकत आहेत, तेथील २१ दिवसांच्या प्रत्यक्ष उन्हाळी वर्गासाठी एक लाखाची मुदत ठेव मोडावी, की पाटल्या गहाण ठेवाव्यात. वर्ग ६ मेपासून असून शुल्क ३२,००० रुपये आहे. जूनमध्ये १० दिवसांचाही एक वर्ग आहे, त्याचे शुल्क १७,००० रुपये. घरी त्या २६ विद्यार्थ्यांना महिना ६०० रुपयांत शिकवतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात शास्त्रीय संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण ही परीक्षा देणार आहेत.

ताई, प्रत्यक्ष वर्ग घ्यावा की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, तो घ्यावाच. ऑनलाइन तालमीत आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे गुरू पुण्यात ठेका धरून आहेत आणि आपण अमळनेरात त्याच समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येत आहोत, असे घडू शकत नाही. आपणच लिहिले आहे की, गुरुजी आपला माइक बंद ठेवून आपल्याला मोबाइलवरील तबल्याबरोबर गायला लावतात आणि नंतर चुका सांगतात. क्रियात्मक (प्रत्यक्ष गाण्याच्या) परीक्षेत मात्र परीक्षक समोर असतात आणि तबल्याची साथ जिवंत असते. ही एक उणीव भरून काढण्यासाठी खर्च करणे योग्यच आहे. प्रश्न आहे तो २१ दिवसांचा.

आपण फक्त शुल्क मोजले आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागणार असेल (हे संस्थेला आधी लेखी विचारावे), तर ३२,०००चे ३७,७६० रुपये होतात. राहणे-जेवण दिवसाला ८०० रुपये धरले तर १६,८०० आणि जळगावमार्गे जाण्या-येण्याचे अडीच हजार, म्हणजे एकूण ५७,०६० रुपये. पण खरा खर्च पुढेच आहे. सुट्टीत आपले निम्मे विद्यार्थी येतात, त्यांचे ७,८०० रुपये. शिवाय दर वर्षी मे महिन्यात १८ मुलांचा जो उन्हाळी वर्ग आपण प्रत्येकी १,२०० रुपयांत घेता, त्याचे २१,६०० रुपये. हे २९,४०० बुडतील आणि हिशेब ८६,४६० रुपयांवर जाईल. वर्गानंतर आपण शुल्क महिना १०० रुपयांनी वाढवले आणि कोणी गळाले नाही, तरी वर्षातले दहा महिने धरून २६,००० रुपये वाढतात. म्हणजे हा पैसा परत यायला सव्वातीन वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यातच मंडळाच्या परीक्षांचे एक सत्र एप्रिल-मे महिन्यांत असते. ऐन परीक्षेच्या तोंडावर बाई गावात नाहीत, हे पालक लवकर विसरत नाहीत.

जूनच्या वर्गाचा हिशेब वेगळा आहे. शुल्क जीएसटीसह २०,०६०, राहणे-जेवण ८,००० आणि प्रवास अडीच हजार, असे ३०,५६० रुपये. ३ ते १२ जून या काळात शाळा उघडलेल्या नसतात, त्यामुळे बुडालेले तास महिनाअखेर भरून काढता येतात. त्याच शुल्कवाढीत ही रक्कम साधारण चौदा महिन्यांत फिटते. दिवस निम्म्याहून कमी होतात, हे खरे. पण रोज प्रत्यक्ष तबल्याबरोबर किती मिनिटे गायला मिळणार आणि तुकडीत किती जण असणार, यावर दिवसांच्या संख्येपेक्षा जास्त अवलंबून आहे. तीस जणांच्या तुकडीत २१ दिवस मागे बसण्यापेक्षा आठ जणांत दहा दिवस बरे.

आता पैसे कोठून आणायचे. आपण घेता त्या उन्हाळी वर्गाचे निम्मे पैसे घरच्या मुलांच्या पुस्तका-गणवेशांना लागतात, असे आपण म्हणता. उरलेले १०,८०० रुपये येथे वापरावेत. कमी पडणाऱ्या सुमारे वीस हजारांसाठी ठेव मोडू नये, तिच्यावर त्याच बँकेतून कर्ज घ्यावे. बँका असे कर्ज ठेवीच्या व्याजाहून साधारण एक-दोन टक्के जास्त दराने देतात. आपल्या ७ टक्क्यांच्या ठेवीवर ८ टक्के दर लागला, तर २०,००० रुपयांवर पाच महिन्यांचे व्याज ६६७ रुपये होते. उलट दोन वर्षांची ही ठेव एकोणीस महिन्यांनंतर मोडली आणि बँकेने एक टक्का कापला, तर सुमारे १,५८० रुपये जातात आणि ठेवही हातची जाते.

पाटल्यांना हात लावू नये. एवढ्याशा रकमेसाठी सोने गहाण पडले, की व्याज भरून मुदत वाढवत राहण्याची सवय लागते, हे मी जळगाव-भुसावळच्या अनेक घरांत पाहिले आहे. पुढची आखाजी (अक्षय्य तृतीया) येते तेव्हाही दागिना बँकेतच असतो.

करसवलतीचा विचार येथे करू नये. आपले उत्पन्न नव्या करप्रणालीतील १२ लाखांच्या मर्यादेच्या पुष्कळ आत असल्याने शुल्कावर वाचण्यासारखा करच नाही.

पैसे भरण्यापूर्वी नाव मागे घेतल्यास किती रक्कम परत मिळते, हे पावतीवर लिहून घ्यावे. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. २ जूनला निघायचे असेल, तर ३ एप्रिलला सकाळीच तिकीट काढावे, कारण लग्नसराईत पुण्याच्या गाड्यांना जागा उरत नाही.