‘डोळ्याला डोळा’ आणि इतर ऐकीव गोष्टी

ज्यू धर्मशास्त्राचा पाश्चात्त्य कायद्यावर काय परिणाम झाला, यावर पत्रं येतच आहेत. निम्म्यांत तोच गोंधळ.

प्रश्न : अमेरिकेची राज्यघटना बायबलवरून उतरवली, हे खरं का?

नाही. घटनेच्या मजकुरात बायबलचं नावही नाही.

प्रश्न : आरोपीचा गप्प राहण्याचा हक्क ज्यू कायद्यातला आहे का?

१९६६च्या मिरांडा खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिडीसचा दाखला दिला, पण तळटिपेत. निकाल उभा आहे पाचव्या घटनादुरुस्तीवर, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको या कलमावर. पत्राच्या सुरावरून तुमचीच केस चालू असावी. तसं असेल तर आजच वकील गाठा.

प्रश्न : ‘डोळ्याला डोळा’ हा सूडाचा कायदा ज्यूंचाच ना?

हे कधी थांबणार? हे कलम बॅबिलोनचा राजा हम्मुराबीच्या संहितेतही आहे, आणि ती जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातल्या २१व्या अध्यायातली ओळ सगळ्यांना पाठ, तिच्यावरची चर्चा कुणी उघडतही नाही. तालमूड या ज्यू कायदेचर्चेच्या ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, या ओळीचा अर्थ भरपाई असाच लावला. मिश्ना या तालमूडच्या मूळ कायदेसंग्रहात या भरपाईची पाच कलमं आहेत : इजा, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि अपमान. हात तुटला, तर तो माणूस गुलाम म्हणून बाजारात उभा केल्यास आधी किती किंमत आली असती आणि आता किती येईल, तो फरक द्यायचा. मजुरीचा हिशेब तर बघा : हाताची किंमत दिलेलीच आहे, आता हा माणूस काकडीच्या मळ्याची राखण तरी करू शकला असता, म्हणून राखणदाराची मजुरी धरायची! आपल्याकडच्या अपघात दाव्यांतही वेदना, उपचार, बुडालेलं उत्पन्न असतंच. पण साम्य दिसलं की लगेच वंशावळ मांडू नका. ते काम कायद्याच्या इतिहासकाराला विचारून करा.

प्रश्न : ‘तालमूडमधली व्यवहाराची गुपितं’ हा ऑनलाइन कोर्स घेऊ का?

पैसे वाचवा.

प्रश्न : एलएलएमच्या निबंधासाठी इंग्रज कायदेपंडित जॉन सेल्डन घेतलाय. मुदत दहा दिवस. मूळ ग्रंथ वाचावा का?

दहा दिवसांत? १६४०चा तो ग्रंथ लॅटिनमध्ये आहे आणि नोहाच्या सात आज्ञांवरून (ज्यू परंपरेत त्या सगळ्या मानवजातीला लागू) नैसर्गिक कायदा मांडतो. सेल्डन ख्रिस्ती, १६२९मध्ये तुरुंगात पडल्यावर त्याने वाचायला तालमूड मागवला होता. तुमच्याकडे तेवढी सवड नाही. त्यापेक्षा बायबलमधल्या ‘१ शमुवेल’चा आठवा अध्याय वाचा, राजा मागणाऱ्या लोकांना दिलेला इशारा. अमेरिकी स्वातंत्र्याचा कैवारी लेखक टॉमस पेनने १७७६मध्ये तोच राजेशाहीविरुद्ध वापरला. विषय बदलायचा, तर आधी मार्गदर्शकांना भेटा. उद्या नाही, आज.