डिस्क फिरते, मग चित्र का दिसत नाही? लिनक्सवरील ऑप्टिकल ड्राइव्हविषयी प्रश्नोत्तरे

नव्या लॅपटॉपमधून ऑप्टिकल ड्राइव्ह जवळपास नाहीसा झाला असला, तरी कपाटांतल्या डिस्क संपलेल्या नाहीत, आणि त्यांतले काही चित्रीकरण दुसरीकडे कुठेच उपलब्ध नसते. या वेळी निवडलेल्या बहुतेक पत्रांत प्लेअर बदलून पाहिल्याचा उल्लेख आहे. दोष प्लेअरमध्ये क्वचितच असतो. ड्राइव्ह प्रणालीला दिसतो का, डिस्कवरची रचना वाचता येते का, आणि डिस्कला कुलूप असल्यास ते उघडते का, या गोष्टी याच क्रमाने तपासल्या तर पुष्कळ वेळ वाचतो. आज्ञांची आणि पॅकेजांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतील.

प्रश्न : मी उबुंटू वापरतो. विकत घेतलेल्या चित्रपटाची डीव्हीडी घातली की फाइल मॅनेजरमध्ये तिच्यातील फोल्डर आणि फाइली नीट दिसतात. व्हीएलसीमध्ये चित्रपट सुरू केला की मात्र डिस्क वाचता येत नसल्याचा संदेश येतो, नाही तर चित्राऐवजी नुसते रंगीत चौकोन दिसतात. दुसरे प्लेअर वापरूनही फरक पडला नाही. ड्राइव्ह बिघडला आहे का?

उत्तर : नाही. फाइलींची यादी दिसते, याचाच अर्थ ड्राइव्ह आणि डिस्क दोन्ही काम करत आहेत. अडथळा आहे तो सीएसएस या सांकेतिकीकरणाचा. १९९६ च्या सुमारास चित्रपटांच्या डीव्हीडींसाठी ही पद्धत वापरात आली. तिच्यात फाइलींची नावे आणि चित्रपटाची मांडणी सांगणाऱ्या आयएफओ फाइली उघड्या असतात. दृश्य आणि ध्वनी ज्यांत असतो त्या व्हीओबी फाइलींतले अनेक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे ठरावीक आकाराचे तुकडे, मात्र विस्कटून ठेवलेले असतात. ते सोडवण्याची किल्ली डिस्कवरच, पण साध्या फाइलींच्या आवाक्याबाहेर असते, आणि ड्राइव्हशी ठरावीक पद्धतीने ओळख पटवल्याशिवाय तो ती देत नाही. ओळख न पटवता कोणी ते सेक्टर मागितले, तर ड्राइव्ह त्रुटी परत करतो किंवा निरर्थक माहिती हाती येते. आपल्याला दिसणारी दोन्ही लक्षणे यातूनच निर्माण होतात.

लिनक्सवरचे प्लेअर या कामासाठी तीन लायब्ररींवर, म्हणजे अनेक प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचांवर, विसंबून असतात. लिबडीव्हीडीरीड रचना वाचते, लिबडीव्हीडीनॅव्ह मेनू चालवते आणि लिबडीव्हीडीसीएसएस विस्कटलेले सेक्टर सोडवते. पहिल्या दोन लायब्ररी वितरणासोबत, म्हणजे उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचासोबत, मिळतात. तिसरी बहुतेक वितरणे कायदेशीर कारणांमुळे आपल्या मुख्य भांडारात ठेवत नाहीत. म्हणूनच प्लेअर बदलून उपयोग झाला नाही, कारण सगळे प्लेअर त्याच गैरहजर लायब्ररीकडे पाहत होते.

उबुंटूत मल्टिव्हर्स आणि डेबियनमध्ये कॉन्ट्रिब हा विभाग सुरू करून लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज बसवावे. हे पॅकेज म्हणजे ती लायब्ररी नव्हे. ते तिचा मूळ कोड उतरवून घेऊन आपल्याच संगणकावर संकलित (कंपाइल) करते. पॅकेज बसले, पण संकलनाची पायरी राहिली, असे अनेकदा होते. ती पूर्ण करण्यासाठी प्रशासकाच्या अधिकाराने डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही आज्ञा याच पॅकेजच्या नावासह द्यावी. फेडोरात हीच लायब्ररी आरपीएम फ्यूजनच्या टेन्टेड नावाच्या भांडारातून मिळते. त्यानंतर व्हीएलसी पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा.

व्हीएलसी स्नॅप किंवा फ्लॅटपॅक स्वरूपात बसवला असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशी पॅकेजे स्वतःच्या कुंपणात चालतात आणि प्रणालीत बसवलेली लायब्ररी त्यांना दिसत नाही. स्नॅपच्या बाबतीत ऑप्टिकल ड्राइव्ह वापरण्याची परवानगी जोडलेली आहे का, हे स्नॅप कनेक्शन्स या आज्ञेने तपासता येते. डिस्क पाहण्यासाठी वितरणाच्या भांडारातला साधा व्हीएलसी अधिक सोयीचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याविषयीही लिहितो. १९९९ मध्ये सीएसएसचे कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्राम प्रसिद्ध झाल्यावर नॉर्वेतील योन लेक योहान्सन या तरुणावर खटला चालला. २००३ मध्ये तेथील न्यायालयांनी, अपिलातही, त्याला निर्दोष ठरवले. परंतु तो निकाल नॉर्वेपुरता होता. स्वतः विकत घेतलेली डिस्क पाहण्यासाठी कुलूप उघडणे प्रत्येक देशाच्या कायद्यात सारखेच बसत नाही. आपल्याकडची स्थिती पाहूनच पुढे जावे.

प्रश्न : वरील लायब्ररी बसवली आहे. बऱ्याच डीव्हीडी चालतात, परंतु परदेशातून आणलेल्या एका डिस्कला सुरू होण्यास फार वेळ लागतो आणि दुसरी मुळीच चालत नाही. हा प्रदेशाच्या कोडचा प्रश्न आहे का?

उत्तर : बहुधा तोच आहे. डीव्हीडीसाठी आठ प्रदेश ठरवलेले आहेत; डिस्क ज्या प्रदेशासाठी असेल तोच ड्राइव्हचाही असावा लागतो. २००० सालापासून हे बंधन ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, घातले जाऊ लागले. प्रदेश जुळला नाही तर ड्राइव्ह किल्ली देण्यास नकार देतो. अशा वेळी लिबडीव्हीडीसीएसएस ती गणिताने शोधून काढण्याचा प्रयत्न करते, आणि पहिल्या डिस्कला लागणारा वेळ त्यातच जातो. काही ड्राइव्ह सेक्टरच वाचू देत नाहीत, तेथे हा मार्ग बंद होतो.

रीजनसेट हे छोटे साधन ड्राइव्हचा सध्याचा प्रदेश आणि शिल्लक बदल दाखवते. वापरकर्त्याला प्रदेश पाचच वेळा बदलता येतो. त्यानंतर शेवटचा प्रदेश कायमचा राहतो आणि लिनक्स पुन्हा बसवूनही तो बदलत नाही. एकाच डिस्कसाठी बदल खर्च करू नये.

प्रश्न : यूएसबीवर चालणारा बाह्य ड्राइव्ह जोडला की दिवा लागतो, डिस्क क्षणभर फिरते आणि थांबते. कधी ड्राइव्ह दिसतो, कधी नाही. जुन्या मार्गदर्शिकेत वाचून एचडीपार्म या आज्ञेने डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता माहिती थेट मेमरीत नेण्याची सोय) सुरू करण्याचा प्रयत्न केला, पण त्या नावाचे उपकरणच सापडले नाही.

उत्तर : ती मार्गदर्शिका बाजूला ठेवावी. ऑप्टिकल ड्राइव्हला एचडीसी असे नाव मिळत असे त्या काळातली ती आहे. तेव्हा आयडीई जोडणीवर डीएमए बंद राहिल्यास चित्र अडखळत असे आणि तो सल्ला योग्यही होता. आज साटा आणि यूएसबी या दोन्ही जोडण्यांवरचा ड्राइव्ह डेव्ह निर्देशिकेत एसआर० या नावाने येतो आणि डीएमएची काळजी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः घेतो.

आपण सांगितलेली लक्षणे वीज कमी पडत असल्याची आहेत. डिस्क फिरू लागताना ड्राइव्ह सर्वांत जास्त प्रवाह ओढतो. यूएसबी २.० चे पोर्ट मानकानुसार ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० चे ९०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देते. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबमध्ये तोच प्रवाह इतर उपकरणांतही वाटला जातो. ड्राइव्ह हबमधून काढून थेट संगणकाच्या पोर्टला, आखूड केबलने जोडावा. डीमेसेज या आज्ञेने कर्नलच्या नोंदी उघड्या ठेवून डिस्क घालावी. फिरण्याच्या क्षणीच उपकरण तुटल्याची नोंद दिसली, तर शंका उरत नाही.

ड्राइव्ह नियमित दिसू लागल्यावरही परवानगी नाकारल्याचा संदेश आला, तर आपले खाते योग्य गटात आहे का ते पाहावे. डेबियन आणि उबुंटूत त्या गटाचे नाव सीडीरॉम आहे, आर्चमध्ये ऑप्टिकल. गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करणे आवश्यक आहे.

प्रश्न : घरातल्या एका समारंभाच्या चित्रीकरणाची व्हीसीडी आहे. डिस्क स्वच्छ आहे, एकही ओरखडा नाही. तिच्यातली डॅट फाइल दिसते, पण कॉपी करायला गेलो की इनपुट-आउटपुट त्रुटी येते. हे चित्रीकरण गेले असे समजावे का?

उत्तर : मुळीच समजू नये. ही त्रुटी डिस्क खराब झाल्याची नसून व्हीसीडीच्या रचनेची आहे, आणि केवळ ती पाहून कोणी डिस्क फेकून देऊ नये म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने देतो.

सीडीवरचा प्रत्येक सेक्टर एकूण २३५२ बाइटचा असतो. साध्या माहितीच्या सीडीत त्यांपैकी २०४८ बाइट उपयोगात येतात आणि उरलेल्या जागेतला मोठा भाग चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांसाठी राखलेला असतो. व्हीसीडीच्या रचनाकारांनी चित्रासाठी वेगळा प्रकार निवडला. एखाददुसरा बाइट चुकल्याने चित्र थोडेच बिघडते, म्हणून दुरुस्तीच्या संकेतांचा एक थर काढून टाकून त्यांनी २३२४ बाइट चित्रीकरणाला दिले. लिनक्सवरची सीडीची फाइलप्रणाली २०४८ बाइटचे सेक्टर मागते. या दुसऱ्या प्रकारचा सेक्टर समोर आला की ते वाचन फसते आणि साध्या कॉपीच्या आज्ञेला त्रुटी मिळते. डॅट फाइल म्हणजे त्या वेगळ्या ट्रॅककडे बोट दाखवणारी केवळ एक नोंद असते.

नुसते पाहायचे असेल, तर व्हीएलसीत मीडिया मेनूतील ओपन डिस्क निवडून व्हीसीडी हा पर्याय घ्यावा आणि उपकरण म्हणून एसआर० द्यावे. जतन करण्यासाठी व्हीसीडीइमेजर हे पॅकेज बसवून त्यातील व्हीसीडीएक्सरिप हे साधन वापरावे. ते सेक्टर योग्य पद्धतीने वाचून एमपीजी फाइली तयार करते. या फाइलींत मूळचे एमपीईजी-१ चित्रीकरण जसेच्या तसे असते आणि जवळजवळ प्रत्येक प्लेअर ते चालवतो. त्यांचे पुन्हा एमपी४ मध्ये रूपांतर करण्याचा मोह टाळावा. ३५२ गुणिले २८८ इतकेच चित्र आहे, त्यातला तपशील आणखी गमावण्यासारखी स्थिती नाही.

प्रश्न : डीव्हीडी चालते, परंतु कोणी हलले की कडांवर आडव्या रेषांचे दाते दिसतात.

उत्तर : ते इंटरलेस केलेले चित्रीकरण आहे, जुन्या टीव्हीसाठी एका चौकटीतल्या विषम आणि सम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असत. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूतून डीइंटरलेस सुरू करावे आणि पद्धत याडिफ ठेवावी. एमपीव्ही या प्लेअरमध्ये इंग्रजी डी ही कळ पुरते.

प्रश्न : ब्लू-रे ड्राइव्ह घेतला आहे. डीव्हीडीप्रमाणेच एखादी लायब्ररी बसवून चित्रपटांच्या ब्लू-रे डिस्क पाहता येतील का?

उत्तर : तितक्या सहज नाही. ब्लू-रेचे कुलूप एएसीएस पद्धतीचे आहे. लिबब्लूरे आणि लिबएएसीएस या लायब्ररी उपलब्ध आहेत, परंतु सीएसएसची किल्ली जशी गणिताने निघते तशी येथे निघत नाही. लिबएएसीएसला किल्ल्यांची फाइल बाहेरून पुरवावी लागते, आणि नव्या डिस्कची किल्ली तीत असेलच असे नाही. जुन्या प्रमाणपत्रांची मान्यता रद्द करण्याची सोयही या पद्धतीत आहे, त्यामुळे एखादी नवी डिस्क घातल्यानंतर आधी चालणारी व्यवस्था बंद पडू शकते. काही डिस्कचे मेनू जावाशिवाय उघडत नाहीत. व्यवहारात अनेकजण मेकएमकेव्ही या प्रोग्रामने डिस्कवरचा चित्रपट एमकेव्ही फाइलीत उतरवून मग पाहतात. त्याला ड्राइव्ह सापडला नाही, तर कर्नलचे एसजी हे मॉड्यूल सुरू आहे का ते पाहावे.

घरी कॅमेऱ्यातून तयार केलेल्या ब्लू-रे डिस्कला सहसा कुलूप नसते आणि त्या केवळ लिबब्लूरेवर चालतात. फक्त तेवढ्यासाठी ड्राइव्ह घेतला असेल, तर वरील कशाचीही गरज नाही.

प्रश्न : घरी रेकॉर्ड केलेल्या काही डीव्हीडी मध्येच अडकतात. त्यांतली एक डिस्क तर रिकामी असल्याचे दाखवते. शक्य तितके वाचवायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सर्वांत आधी त्या डिस्क प्लेअरमध्ये पुन्हा पुन्हा चालवून पाहणे थांबवावे. मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवत नव्हे. कारण ट्रॅकच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती झाकतो आणि चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांना तो भरून काढता येत नाही.

त्यानंतर जीएनयू डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत, घ्यावी. डेबियन परिवारात या पॅकेजचे नाव जीडीडीरेस्क्यू आहे. सेक्टरचा आकार २०४८ सांगावा आणि मॅप फाइलचे नाव न विसरता द्यावे. पहिल्या फेरीत कठीण जागा खरवडत न बसता त्या ओलांडून पुढे जाण्याचा पर्याय ठेवावा, म्हणजे वाचता येणारा भाग आधी सुरक्षित होतो. दुसऱ्या फेरीत थेट वाचन आणि दोन-तीन पुनर्प्रयत्न सांगावेत. इजेक्ट या आज्ञेच्या एक्स पर्यायाने ड्राइव्हचा वेग आधी कमी करून पाहावा, जरी काही ड्राइव्ह ही सूचना मानत नाहीत.

मॅप फाइलचा खरा लाभ यापुढे आहे. कोणते सेक्टर मिळाले आणि कोणते राहिले याची नोंद तीत असल्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून, तीच प्रतिमा आणि तीच मॅप फाइल देऊन काम पुढे चालू ठेवता येते. एका ड्राइव्हला न वाचता आलेले सेक्टर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो. शक्य असल्यास मित्रमंडळींकडून वेगवेगळे जुने ड्राइव्ह मागून आणावेत. तयार झालेली प्रतिमा व्हीएलसीत थेट उघडता येते. काही सेक्टर राहून गेले असतील तर तेवढ्या जागी चित्र तुटेल आणि पुढे सुरू होईल.

रिकामी दिसणारी डिस्क बहुधा फायनलाइज करायची, म्हणजे रेकॉर्डिंग पूर्ण करून इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद करायची, राहून गेली आहे. डीव्हीडी-प्लस-आरडब्ल्यू-मीडियाइन्फो या साधनाने तिची स्थिती पाहावी. ती पूर्ण झालेली नसेल आणि ज्या कॅमेऱ्यावर किंवा रेकॉर्डरवर चित्रीकरण केले तो अजून चालू स्थितीत असेल, तर डिस्क त्यातच घालून त्याच्या मेनूतून फायनलाइज करावी आणि मगच संगणकाकडे वळावे. तोवर त्या डिस्कवर संगणकातून काहीही लिहू नये.